ह्या वर्षी राखणदार लंगडतो

पहिल्याच दिवशी मला बजावण्यात आलं, "ताई, सेशन चालू असताना तुम्ही तिथे नाही आहात असं समजायचं."

सांगणारी रेवती मॅडम, वय एकोणतीस, मुक्काम पुणे. ऐकणारी मी, वय बासष्ट पूर्ण, मुक्काम डिचोली, टेलिफोन एक्स्चेंजमधली निवृत्त ऑपरेटर. दोन माणसं बोलत असताना आपण तिथे नाहीच असं वागण्यात माझी तीस वर्षं गेली होती आणि सरकारने मला त्याचाच पगार दिला होता. त्यामुळे मला हसू फुटलं. मॅडमना वाटलं, बाई विषय हलक्यात घेते आहे.

निवृत्तीनंतर घरबसल्या मानसशास्त्राचं एम.ए. करायचं खूळ मी डोक्यात घेतलं होतं. पुस्तकं झाली, परीक्षा झाल्या, आणि मग अडलं ते प्रत्यक्ष अनुभवाच्या तासांवर. पणजीपर्यंत रोज जायला गुडघे तयार नव्हते. तेवढ्यात कळलं की पुण्यातली एक समुपदेशन संस्था इंटर्नशिप ऑनलाइन देते. आमचे हे तेव्हा ओसरीवर नारळ सोलत बसले होते. मी त्यांना सांगितलं तर म्हणाले, "आयुश्यभर लोकांचें फुकट आयकलें, आतां सर्टिफिकेट घेवन आयकतली?" मी म्हटलं, हो.

कोठीच्या खोलीत मी माझं ऑफिस थाटलं. तिथे तांदळाची पोती होती, आणि पोत्यांमुळे खोलीत आवाज घुमत नाही हे मला नोकरीमुळे ठाऊक होतं. एक स्टूल, एक लॅपटॉप, कानावर हेडफोन. सकाळी पोदेराचा भोंगा वाजला की पुण्याहून मॅडम विचारायच्या, "ताई, हे काय वाजलं?" पाववाला आलाय असं सांगून मी हातानेच ह्यांना खूण करायची, चार उंडे पाव घ्या म्हणून.

बाहेरच्यांना हे काम कळावं म्हणून थोडक्यात सांगते. ज्याला बोलायचं आहे तो फोनवरून किंवा स्क्रीनवरून समुपदेशकाशी बोलतो. सुरुवातीलाच त्याला विचारलं जातं की आमची एक शिकाऊ ताई ऐकत असेल आणि बोलणं रेकॉर्ड होईल, चालेल ना? तो हो म्हणाला की शिकाऊ ताई आत येते. तिचा कॅमेरा बंद, माइक बंद. तिचं नाव सांगत नाहीत. तिने फक्त ऐकायचं. नंतर रेकॉर्डिंग लावून सगळं शब्दन् शब्द उतरवायचं, कोणी किती सेकंद गप्प होतं तेही. आणि दुसऱ्या दिवशी स्क्रीनवर मॅडमच्या समोर बसून आपल्याला काय दिसलं ते सांगायचं. ह्याला म्हणतात अनुभव मिळवणं. माणसाच्या इतकं जवळ आणि इतकं लांब मी एक्स्चेंजमध्येही कधी नव्हते.

फोंड्याचे एक गृहस्थ यायचे. कोट घालून स्क्रीनसमोर बसायचे आणि पाऊण तास एक शब्द बोलायचे नाहीत. शेवटी "थँक यू, बरं वाटलं" म्हणून जायचे. मला वाटायचं, हा काय चावटपणा आहे. मॅडमनी मला त्यांचं गप्प बसणं लिहून काढायला लावलं. कुठे श्वास लांबला, कुठे खुर्ची करकरली, कुठे घोट गिळला. चार पानं भरली. त्या दिवशी मी त्या पोरीला मनातल्या मनात नमस्कार केला, कारण हे मला माझ्या खात्यातल्या एकाही साहेबाने शिकवलं नव्हतं.

तिला मात्र मी भाषेसाठी हवी होते. पेडणे, डिचोली, सत्तरीकडची माणसं अडचणीत आली की पुण्याची मराठी बोलत नाहीत. त्यांचं बोलणं मॅडमना अर्धं कळायचं. उरलेलं अर्धं मी नंतर समजावून द्यायची. अशीच आमच्याकडे आनंदीबाय आली.

नाव खरं नव्हे. लिहिण्याआधी मी तिच्या मुलीकरवी तिला विचारलं, तेव्हा तिनेच हे नाव निवडलं. वय चौऱ्याहत्तर, पेडणे तालुक्यात महाराष्ट्राच्या हद्दीला टेकलेल्या एका गावात एकटी राहणारी. नवरा वारलेला. एकुलती एक मुलगी सुलभा म्हापशाला नोकरीला, जावई बोटीवर. आई म्हापशाला राहायला येत नाही आणि हल्ली भलतंसलतं बोलते, म्हणून सुलभाने आमच्या संस्थेत तिचं नाव घातलं होतं. सुलभाने पहिल्याच फोनला सरळ विचारलं होतं, "डोक्यात काय बिघाड आहे का ते तुम्ही लिहून द्या. असेल तर मी घर बंद करून तिला घेऊन येते." म्हणजे ती आपल्या घरात राहणार की नाही, ते आमच्या अहवालावर ठरणार होतं.

मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सहाला फोन. तिच्या घरात रेंज फक्त पुढच्या सोप्यावर. सोपो म्हणजे आमच्याकडे दाराबाहेर भिंतीलगत बांधलेली बैठक. तिथे बसून ती बोलायची. तुमच्याकडचीच एक शिकाऊ ताई ऐकेल म्हटल्यावर तिने एवढंच म्हटलं, "आयकूं दी. आयकपी आसल्यार घर रितें दिसना."

दुसऱ्या सेशनला मॅडमनी विचारलं, "आजी, एकटं वाटतं का संध्याकाळी?"

"एकटें कित्याक? तो येता मगो."

"कोण येतो?"

"राखणदार. दिवो लायतकच येता. पयलीं काठी आयकूं येता, मागीर व्हाणो. हांव भाकरी दवरतां, विडी दवरतां. सकाळीं आसना."

मॅडमच्या पेनाचा आवाज माझ्या हेडफोनमध्ये आला. त्या काय लिहीत होत्या ते मला दिसत नव्हतं, पण ओळखता येत होतं.

"आधीपासून येतो का, आजी?"

"आदीं येतालो तो आयकूं येनासलो. आतां आयकूं येता." थोडं थांबून ती म्हणाली, "ह्या वर्सा तो लंगडता गो."

माझ्या अंगावर काटा आला. पण तो लहानपणी ह्या गोष्टी ऐकताना यायचा तसा, हवाहवासा काटा होता.

दुसऱ्या दिवशी मॅडमचं आणि माझं जुंपलं. त्यांचं म्हणणं, नसलेलं ऐकू येणं, नसलेलं दिसणं ही लक्षणं आहेत. मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायला हवं. मी म्हटलं, मॅडम, तुम्ही तिचा देव आजारपणात घालताय. राखणदार म्हणजे गावाची सीमा आणि घराची वाट राखणारा. आमच्याकडे त्याला रोट ठेवतात, विडी ठेवतात, हातात काठी घेऊन तो फिरतो हे शेंबड्या पोराला माहीत असतं. माझी आजी ठेवायची, मीसुद्धा कधी ठेवते. मग मलाही गोळ्या द्या.

"आणि लंगडणं?" मॅडमनी विचारलं.

त्याचंही उत्तर माझ्याकडे तयार होतं. आमच्याकडे वेताळाला नव्या चामड्याच्या वहाणा वाहतात. तो गावभर फिरतो म्हणून त्या झिजतात, आणि झिजल्या की पुन्हा नव्या वाहायच्या. म्हातारी एकटी पडली, देवाचं वेळेवर झालं नसेल, म्हणून तिच्या मनाला लागलंय की वहाणा झिजून तो लंगडतोय. हे आजारपण नाही, ही रुखरुख आहे. मी असं काही रंगवून सांगितलं की मॅडम थक्क झाल्या. म्हणाल्या, "ताई, तुम्ही नसता तर मी केवढी चूक केली असती!" अहवालात माझं वाक्य जसंच्या तसं गेलं: सांस्कृतिक श्रद्धा, विकार नाही. सुलभाला तो पाठवला. आनंदीबाय घरीच राहिली. त्या दिवशी मी ह्यांच्यासाठी शेवयांची खीर केली, इतकी मी स्वतःवर खूश होते.

त्यानंतर तीन आठवडे सगळं सुरळीत चाललं. आनंदीबाय काजूबद्दल बोलायची, माकडांना शिव्या घालायची, मध्येच दिवेलागण झाली की "राव, दिवो लायतां", थांब जरा, म्हणून फोन सोप्यावर ठेवून जायची आणि येऊन पुन्हा बोलायची. राखणदाराबद्दल विचारलं तर म्हणायची, "येता. पूण हल्लीं बसूनच आसता."

हेही मी लिहून ठेवलं आणि त्यालाही काहीतरी अर्थ लावला. काय लावला ते आता सांगायला लाज वाटते.

एका शुक्रवारी दुपारी तीन वाजता मी राहून गेलेलं मंगळवारचं सेशन उतरवायला घेतलं. ती दिवा लावायला गेली तिथे मला गप्प राहण्याचे सेकंद मोजायचे होते. प्रत्यक्ष सेशनमध्ये त्या वेळी मी वहीत टिपणं काढत होते, कान दुसरीकडे होते. आता घड्याळ लावून बसले. दहा सेकंद, रातकिडे. वीस सेकंद, लांब कुठेतरी गाय. मग आवाज बदलला.

हे कसं सांगू? एक्स्चेंजमध्ये दोघे बोलत असताना त्याच लाइनवर घरातल्या तिसऱ्याने दुसरा फोन उचलला, तर तो काही बोलला नाही तरी लाइन किंचित पातळ व्हायची. ऐकून ऐकून आम्हा बायकांना ती सवय झाली होती. अगदी तेच नव्हतं हे, पण फोनच्या भोवती जी मोकळी संध्याकाळ होती ती एकदम भरल्यासारखी झाली. फोनजवळ कोणीतरी आलं होतं. कपडा दगडावरून ओढल्याचा आवाज, मग श्वास. तोंडाने घेतलेला, जड. आनंदीबाय तुळशीपाशी होती, तिच्या बांगड्या मला लांब ऐकू येत होत्या.

चाळिसाव्या सेकंदाला पुरुषाचा आवाज म्हणाला, "नीरू."

मी हेडफोन काढून खाली ठेवले. कोठीत पोत्यांशिवाय काही नव्हतं, तरी मी मागे वळून पाहिलं. मग पुन्हा कानाला लावले. पुन्हा तेच. आणि त्याच्यामागून, आमच्यासाठी नसलेल्या हळू आवाजात, आनंदीबाय म्हणाली, "हाडटां, राव."

आणते, थांब.

बेळगावचे ट्रंक कॉल जोडण्यात माझी दहा वर्षं गेली होती. नीरू म्हणजे पाणी. पेडण्याचा राखणदार कानडीत पाणी मागणार नाही, एवढी अक्कल मला तेव्हा आली. काठी, वहाणा, लंगडणं, बसून राहणं, सगळं एका क्षणात सरळ झालं. तिच्या घराशी एक जिवंत माणूस होता, कधीपासून होता, आणि तीन आठवड्यांपूर्वी मीच लिहून दिलं होतं की तिथे कोणी नाही, नुसती श्रद्धा आहे.

शिकाऊने स्वतः कोणालाही फोन करायचा नसतो. मी मॅडमना केला. त्यांनी तो तुकडा तीनदा ऐकला आणि म्हणाल्या, "ताई, मला खरखरीशिवाय काहीच ऐकू येत नाही."

"मॅडम, आहे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "बरं. तुम्हाला ऐकू येतंय ना, मग आहे." त्यांनी तेव्हा पुरावा मागत बसण्यात वेळ घालवला असता तर पुढचं काहीच झालं नसतं.

सुलभाला फोन गेला. ती म्हापशाहून निघाली, गावातल्या दोन शेजाऱ्यांना आणि पोलिसांना सांगितलं. ठरलं असं, की सहाला नेहमीप्रमाणे सेशन सुरू करायचं आणि माणसं पोचेपर्यंत आनंदीबायला सोप्यावर बोलण्यात गुंतवून ठेवायचं. कोण आहे, कसा आहे, हातात काय आहे, कोणालाच माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळसारखी संध्याकाळ मी आयुष्यात काढली नाही. मॅडम अगदी नेहमीच्या आवाजात विचारत होत्या, आजी, आंब्याचं लोणचं तुम्ही कसं घालता? आणि आनंदीबाय सांगत होती, फोडी पुसून घ्यायच्या, पाण्याचा थेंब राहता कामा नये, मीठ कमी पडलं तर बुरा येतो. मी हेडफोन दोन्ही हातांनी दाबून तिच्या आवाजाच्या मागचं ऐकत होते. मागे कोणीतरी खोकलं. लोणचं चालूच. मग गाडीचा आवाज आला, लांबच थांबवलेला. मग पाचोळ्यावर पावलं, एकाची नव्हे.

आनंदीबाय बोलता बोलता थांबली.

"तुमी सांगलें?" ती म्हणाली.

"आजी, घाबरू नका, सुलभा आली आहे, तुमच्याच काळजीने..."

"तूं न्हय," आनंदीबाय मॅडमना म्हणाली. "तुका आयकूं येना. तिणें सांगलें. ती आसा ती. उलयना ती." न बोलणारी, म्हणजे मी.

माझा माइक बंद होता, कॅमेरा बंद होता. पस्तीस किलोमीटरवर एका कोठीत मी तोंडावर हात दाबून बसले होते. आणि ती बरोबर माझ्याकडे बघून बोलत होती असं मला वाटलं, आजही वाटतं.

मग फोन सोप्यावर आपटला. गोठ्याचं दार, ओरडणं, एक पुरुष कानडीत परत परत तेच म्हणत होता. नको, नको. नंतर सगळे आवाज गाडीकडे गेले. फोन तसाच चालू होता. मॅडमनी बंद केला नाही, मीही केला नाही. बऱ्याच वेळाने कोणीतरी येऊन तो उचलला, कानाशी धरला, आणि बंद केला.

तो बेळगाव जिल्ह्यातला गवंडी होता, पन्नाशीचा. कुठल्याशा बांधकामावरून पडला, पायात सळई घुसली. मुकादमाने दोन दिवस पाहिलं आणि मग त्याच्याकडे पाहणं सोडून दिलं. हा काठी टेकत, लोकांची नजर चुकवत आडवाटेने घरी जायला निघाला होता. आनंदीबायच्या अंगणापर्यंत त्याला जमलं. एका दिवेलागणीला आत शिरला, भाकरी दिसली, खाल्ली. दुसऱ्या दिवशीही भाकरी होती, म्हणून गोठ्यातच राहिला. ती त्याच्या पायाला हळद बांधायची. पाय आतून सडत चालला होता.

आणखी चार दिवस गेले असते तर माणूस गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. त्याची बायको येऊन त्याला घेऊन गेली. मी माणूस वाचवला, असं मॅडम म्हणाल्या, सुलभा म्हणाली, आमचे हेसुद्धा म्हणाले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तो लंगडतो हे आनंदीबायने आम्हाला तीन आठवडे आधी सांगितलं होतं. वेताळाच्या वहाणांची गोष्ट रंगवताना मी तीन आठवडे घालवले. पुण्याच्या पोरीने बिनमाहितीची चूक केली असती, तर कोणीतरी डॉक्टर त्या घरापर्यंत पोचला असता. मी माहितीची चूक केली. तो पाय माझ्या हुशारीने गेला, हे मी कोणाला सांगत नाही, पण इथे लिहिते.

सुलभाने त्याच आठवड्यात घराला कुलूप लावलं आणि आईला म्हापशाला नेलं. तिला दोष कसा देणार? जिच्या आईच्या गोठ्यात महिनाभर परका पुरुष राहिला, तिने काय करावं?

सेशन आता म्हापशाच्या फ्लॅटवरून, सकाळी नऊला. सुलभा कामावर जायच्या आधी फोन लावून आईच्या हातात द्यायची. "फोन आलाय हां आई," मग दार बंद झाल्याचा आवाज, मग किल्ली दोनदा फिरल्याचा आवाज, मग उतरणारी पावलं. आणि मग काही नाही. आनंदीबाय बोलायची नाही. पहिल्या सेशनला नाही, दुसऱ्याला नाही, तिसऱ्याला नाही. फोंड्याच्या गृहस्थांचं गप्प राहणं भरलेलं असायचं. हिचं तसं नव्हतं. मी उतरवायला बसायची आणि कागदावर लिहायला काही नसायचं. श्वाससुद्धा ती आम्हाला ऐकू देत नव्हती. कोठीत दुपारच्या उजेडात बसून मला भीती वाटायची की पलीकडे फोन आहे आणि माणूस नाही.

चौथ्या सेशनला वीस मिनिटं तशी गेल्यावर तिचा आवाज आला. इतका जवळून, की मी दचकले.

"ती आसा मगो?"

मॅडम सावध झाल्या. "आजी, शिकाऊ ताई ऐकत आहेत, हो. तुम्हाला माझ्याशी काही..."

"तिका विचारतां. बाये, तूं आमच्यांतली. तुका राखणदार खबर आसा. तूं सांग. हांव पिशी?"

पिशी म्हणजे वेडी. मॅडम म्हणाल्या, "आजी, वेडं असं आपण कोणालाच म्हणत नाही." पुस्तकातलं उत्तर. बरोबर उत्तर.

सहा महिन्यांत ज्या बटणाला मी सेशनमध्ये कधी हात लावला नव्हता, ते मी दाबलं. "ना गो बाय," मी म्हटलं. "तूं पिशी न्हय."

स्क्रीनवर मॅडमचा चेहरा मला दिसत होता. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"तो माणूस हें तुका खबर आशिल्लें?" मी विचारलं.

"माणूसच तो. पाय कुसल्लो राखणदार आसता काय?" ती चिडूनच म्हणाली. "पूण माणूस म्हणलें आसतें जाल्यार तुमी तेच दिसा गाडी धाडतलीं. तो हात जोडून सांगतालो, कोणाक सांगूं नाका. आनी दारांत आयिल्ल्याक नांव विचारूंक जायना, आवयन सांगलां माका. कोणाच्या रुपान कोण येता तें आमकां कितें खबर?"

दारात आलेल्याला नाव विचारायचं नाही, हे माझी आजीही सांगायची.

"पिशी न्हय मगो हांव?"

"ना."

"मागीर माका कुलूप कित्याक घालतात?"

मॅडमनी डोळे उघडले. त्यांना कुलपाचं माहीत नव्हतं. मला होतं. किल्ली दोनदा फिरल्याचं मी तीन सेशन ऐकत होते, कागदावर उतरवत होते, आणि माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं की किल्ली बाहेरून फिरते आहे. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा ती बाई तिसऱ्या मजल्यावर कोंडलेली होती.

सेशन संपल्यावर मॅडम म्हणाल्या, "ताई, तुम्ही नियम मोडलात." मग म्हणाल्या, "आणि मी बरोबर बोलले आणि काहीच उपयोग झाला नाही." त्या रडत होत्या. मी त्यांना पाणी प्यायला सांगितलं. एवढंच मला सुचलं.

त्याच संध्याकाळी आम्ही तिघी ऑनलाइन बसलो. सुलभा आधी भडकली, मग तीही रडली. "दाराला कुलूप नाही लावलं तर ती बस धरून गावात जाईल. आणि गेली तर? त्या गोठ्यात उद्या कोण येऊन बसेल? ती त्यालाही भाकरी घालणार. ती पडली, तिला साप चावला, कोणी गळा दाबला, तर मला कळणार कसं? शेजारी दोन शेतं लांब. मी म्हापशाला. तुम्ही पुण्याला. मला कळणार कसं, ते सांगा."

ह्याचं उत्तर कुठल्या पुस्तकात असणार?

"मला कळेल," मी म्हटलं. "ती एक शब्द बोलली तरी मला कळेल, ती बरी आहे की नाही, एकटी आहे की नाही. रोज संध्याकाळी सातला मी फोन करीन. नाही उचलला, किंवा मला वेगळं वाटलं, तर त्याच क्षणी तुला सांगेन."

"किती दिवस?" सुलभाने विचारलं.

मी हिशेब केला नव्हता. "तिला लागतील तितके," म्हटलं.

इंटर्नशिप संपायला आठ दिवस होते. शिकाऊने असं नातं ठेवायचं नसतं, हे मॅडमनी मला नीट समजावलं, आणि संस्थेत वरपर्यंत सांगून तसं लेखी घेतलं की ह्यापुढे मी तिची समुपदेशक नाही, शेजारीण म्हणून फोन करते. माझ्या प्रमाणपत्रासोबत त्यांचा शेरा आला: ऐकण्याची क्षमता असाधारण, मर्यादा पाळण्यात सुधारणा आवश्यक. आमच्या ह्यांनी तो मोठ्याने वाचला आणि म्हणाले, चाळीस वर्षं मी हेच सांगतोय.

आनंदीबाय घरी गेली त्याला आता दीड वर्ष झालं. रोज सातला मी नंबर लावते. ती उचलते आणि म्हणते, "आसां." आहे. एवढंच, आणि ठेवते. तो शब्द आणि त्याच्या मागेपुढे दोन-तीन सेकंद, एवढाच आमचा संबंध. त्या सेकंदांत मला काय काय ऐकू येतं ते मी सुलभाला सांगितलेलं नाही, मॅडमना नाही, आणि इथेही लिहिणार नाही. ते तिच्या घरचं आहे. ती बरी आहे, एवढं मी सांगते, आणि ते आजवर खरं आहे.

मात्र हल्ली तिला उचलायला वेळ लागतो. पूर्वी दुसऱ्या रिंगला उचलायची. आठवडाभर पाचव्यावर गेलं. काल नऊ रिंगा वाजल्या, आणि नवव्या रिंगपर्यंत मी कोठीत उभी होते, बसले नव्हते. एक दिवस रिंग वाजत राहील. तो दिवस येणार हे तिला माहीत आहे, सुलभाला माहीत आहे, आणि तो सगळ्यांत आधी मला ऐकू येणार आहे. हे काम मी मागून घेतलं.

आता सातला दोन मिनिटं आहेत. लेख इथेच सोडते, मला नंबर लावायचा आहे.